वऱ्हाडातले अपंग : पायरीवर की पंगतीत?

अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी गावात ६ जुलै १८८१ रोजी जन्मलेल्या एका मुलाची दृष्टी नवव्या महिन्यातच गेली. वऱ्हाडच्या खेड्यापर्यंत ब्रेल पोचण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. तरीही अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात या मुलाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले. वेदान्त आणि भक्तीवर तर त्यांनी लिहिलेच, पण डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही समाचार घेतला. हे संत गुलाबराव महाराज. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणत.

महाराजांच्या बुद्धीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न पडतो. तेव्हाच्या वऱ्हाडात एका अंध माणसाला ग्रंथकार होणे शक्य कसे झाले? एक कारण म्हणजे त्या काळातले ज्ञान बरेचसे कानावाटे मिळत होते. एकाने पोथी वाचायची, गावाने ऐकायची. कीर्तन ऐकायचे, अभंग पाठ करायचे. पाठांतराला मान असलेल्या या संस्कृतीत डोळे नसलेला माणूस आपोआप मागे पडत नव्हता. दुसरे कारण घराण्याचे. माधानचे मोहोड हे पाटलांचे घर. पुढे वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे शिष्यही मिळाले. मजुराच्या घरी जन्मलेल्या अंध मुलाला यातले काय मिळाले असते, हे सांगायला नको.

मुस्लिम समाजात हेच काम हिफ्जच्या परंपरेने केले. कुरआन मुखोद्गत करण्यासाठी डोळ्यांची गरज नसते. म्हणून अंध मुलाला हिफ्जला बसवण्याची पद्धत जुनी आहे. उर्दू मुलखात तर अंध माणसाला आदराने 'हाफिजजी' अशी हाक मारण्याचा रिवाज पडला. अकोला, बाळापूर, अचलपूर या जुन्या वस्त्यांना हा रिवाज परका नाही. त्यामागे मदिनेतले एक उदाहरण आहे. अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम हे अंध सहाबी हजरत बिलाल यांच्यासोबत मस्जिदीत अजान देत. कुरैशच्या प्रतिष्ठितांशी बोलत असताना प्रेषितांचे (स.) त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा कुरआनने 'अबस' या सूरहमध्ये त्याबद्दल टोकले. एका अंध माणसासाठी थेट प्रेषितांना टोकणारा ग्रंथ ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यावर त्याची जबाबदारीही येते.

पण या संस्कृतीला मर्यादा होत्या. जी परंपरा अंधाला 'हाफिजजी' किंवा 'प्रज्ञाचक्षू' म्हणते, तिच्याकडे बहिऱ्यासाठी, मतिमंदासाठी असा मानाचा शब्द नव्हता. कुष्ठरोग्याला तर घर, गाव आणि पाणवठा तिन्ही सोडावे लागत. हदीसच्या ग्रंथांत कुष्ठरोग्यापासून दूर राहण्याची रिवायत आहे, तशी प्रेषितांनी (स.) त्याला आपल्याच ताटात जेवायला बसवल्याचीही आहे. समाजाने सोयीची पहिली तेवढी लक्षात ठेवली.

इंग्रजांनी १८९८ साली कायदा करून भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना अटक करून आश्रमात डांबण्याची सोय केली. स्वातंत्र्यानंतरही तो कितीतरी वर्षे पुस्तकात राहिला. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे तलाकसाठी एक कारण होते. इतर धर्मीयांच्या विवाह कायद्यांतही तशी तरतूद होती. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागला, त्याला दशके उलटली. तरी ही कलमे रद्द व्हायला २०१९ साल उजाडले.

या बहिष्काराला अमरावतीतच उत्तर मिळाले. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली शहराबाहेर तपोवन उभे केले. तिथे उपचारासोबत हातमाग, सुतारकाम आणि शेती आली. डागलेल्या बोटांना काम मिळाले, कामाचे दाम मिळाले.

त्याआधी गाडगेबाबांनी पंगतीचा प्रश्न हाताळला होता. बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्यात मामाकडे गेले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. कुरआनच्या 'नूर' सूरहमध्ये (२४:६१) अंध, पांगळे आणि आजारी यांचा उल्लेख एकत्र जेवण्याच्या संदर्भात येतो. भाष्यकार सांगतात, की लोक त्यांच्यासोबत जेवायला कचरत, आणि तेही संकोचाने दूर बसत. ही आयत तो संकोच काढते. चौदाशे वर्षांपूर्वीचे मदिना आणि शंभर वर्षांपूर्वीचे वऱ्हाड, दोन्हीकडे अडचण ताटापाशीच होती.

तपोवनने काम दिले. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरच्या बालगृहात शंकरबाबा पापळकरांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना त्यांनी आपले आडनाव दिले. आधार कार्डावर बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. कितीतरी मुलींची लग्ने लावली. अशी मुले अठरा वर्षांची झाली, की कायद्याने त्यांना बालगृह सोडावे लागते. या नियमाविरुद्ध बाबा वर्षानुवर्षे भांडत आहेत. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जन्मदात्यांनी टाकलेल्या मुलीला नाव, घर आणि शिक्षण मिळाल्यावर काय घडते, हे वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिले.

अंधत्व तेच, पांगळेपण तेच. भोवतालचा समाज त्या माणसाला कुठे बसवतो, यावर त्याचे जगणे ठरते. दर जुमेरातीला दर्ग्याच्या पायरीवर अपंगांची रांग लागते. आपण पैसे टाकतो, सवाब कमावतो आणि आत जातो. खैरात चुकीची नाही, पण ती त्या माणसाला पायरीवरच ठेवते. आपल्या मस्जिदीच्या वजूखान्यापर्यंत चाकाची खुर्ची जाते का? जुम्याचा खुतबा बहिऱ्या माणसाला कसा कळतो? मोहल्ल्यातल्या मतिमंद मुलीला लग्नाच्या दस्तरख्वानावर बोलावतात, की त्या दिवशी ती आतल्या खोलीत असते? २०१६च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. पण मस्जिदीच्या सफेत आणि लग्नाच्या दस्तरख्वानावर जागा करून देणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते मोहल्ल्याचे काम आहे, आणि येत्या जुम्यापासूनही सुरू करता येईल.