शालेय ग्रंथालय (इचलकरंजी)

शाळेतील विद्यार्थी व शिक्षकांसाठीचा ग्रंथसंग्रह, वाचनकक्ष आणि ग्रंथपाल यांची एकत्रित सोय. शिक्षणहक्क कायद्याने (2009) प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक ठरवले. वर्तमानपत्रे, मासिके, विषयवार पुस्तके व गोष्टींची पुस्तके तेथे असावीत, असे कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. ग्रंथपाल मात्र प्रत्येक शाळेला मिळत नाही. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेतील हे पद पटसंख्येवर ठरते, म्हणून लहान शाळांत कपाटाची किल्ली बहुधा एखाद्या शिक्षकाकडेच राहते. ही व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव होय.

यंत्रमागांच्या इचलकरंजीत ही उणीव अधिक जाणवते. अनेक कामगारांच्या घरी अभ्यासाला निवांत कोपरा नसतो. काहींची घरची भाषा कन्नड वा हिंदी असते. अशा मुलाच्या हाती इयत्तेपेक्षा वाचनाच्या पातळीला जुळणारे पुस्तक पडावे लागते, आणि ती निवड मुलाला ओळखणारा ग्रंथपालच करू शकतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील तारखांची चिठ्ठी त्याला बरेच सांगते: कोणते पुस्तक फिरते, कोणते नुसतेच पडून आहे. कोश पाहणे, अनुक्रमणिका व सूची वापरणे, दोन पुस्तकांतील माहिती ताडून पाहणे हेही तोच शिकवतो.

गावाला वाचनपरंपरा आहे. आपटे वाचन मंदिर हे येथील जुने सार्वजनिक ग्रंथालय. 1974 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले. शाळा सुटल्यावरही वाचत राहू इच्छिणाऱ्या मुलाला शालेय ग्रंथपालाने अशा सार्वजनिक ग्रंथालयाची वाट दाखवणे अगत्याचे आहे.