बाटलीत भरलेलं ऊन

"कोड चालतोय, पण का चालतोय ते माहीत नाही," हे वाक्य आमच्या धंद्यात रोजचं. रसायनशास्त्रात असा एक रेणू तब्बल २७ वर्षं पडून होता.

१९८३ साली बर्कलीत पीटर व्होलहार्ट यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. नाव भलतंच लांबलचक, आपण फुल्व्हॅलीन-रुथेनियम म्हणू. कार्बनची दोन पंचकोनी कडी एकमेकांना जोडलेली, प्रत्येकीला रुथेनियमचा एकेक अणू चिकटलेला, आणि त्या दोन अणूंनीही एकमेकांचा हात धरलेला. प्रकाश पडला की कड्यांमधला बंध तुटतो, धातूंचे हात सुटतात आणि रेणू नव्या आकारात अडकून बसतो. अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. तापवला की मूळ रूपात येतो आणि मोलमागे सुमारे २० किलोकॅलरी उष्णता परत देतो. जळत काही नाही, धूर नाही!

घोडं अडलं रुथेनियमपाशी. दुर्मिळ आणि महाग. स्वस्त धातू शोधायचा तर आधी हे घडतं कसं ते कळायला हवं. ते कळलं २०१० मध्ये, एमआयटीच्या जेफ्री ग्रॉसमन यांच्या गटाला, तेही बरंचसं कॉम्प्युटरवर गणितं करून (आमच्या जातभाईंचा विजय!). परतीचा प्रवास एका उडीत होत नाही, मध्ये एक थांबा आहे.

पण लोखंडाला काही ही युक्ती जमली नाही. बर्कलीत याच रेणूवर काम केलेले कॅस्पर मोट-पोल्सन पुढे स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात गेले, आणि तिथे त्यांनी धातू नसलेला नॉरबॉर्नाडाईन हाती घेतला. २०१८ मध्ये त्यांच्या द्रावणाने उत्प्रेरकातून जाताना तापमान ६३ अंशांनी वाढवून दाखवलं.