जागा भरणे आहे... पण कोणासाठी?

फोन कंपनी नवी भरती करणार अशी बातमी आली की आपण आधी आकडा बघतो. किती हजार जागा? मी मात्र हल्ली दुसरंच शोधतो. त्या जागा कोणाला मिळणार?

टेलिफोनच्या अगदी सुरुवातीला अमेरिकेत तारखात्यातली पोरं एक्स्चेंजमध्ये बसवली होती. ती गिऱ्हाइकांना शिव्या द्यायची, नको ते उद्योग करायची. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या बाईला नेमलं. पगार महिना १० डॉलर. मग गोड आवाज, सोशिक स्वभाव आणि कमी पगार या तीन गुणांवर बायकांची भरतीच सुरू झाली. काही वर्षांत ते 'बायकांचंच काम' झालं. स्विचमनचं, म्हणजे एक्स्चेंजमधली यंत्रं सांभाळायचं, जास्त पगाराचं काम मात्र पुरुषांचं!

१९६६ साली जॉर्जियात सदर्न बेल कंपनीतल्या लोरेना वीक्स यांनी स्विचमनच्या जागेसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कंपनीने पुढे राज्याचा नियम दाखवला: बाईने ३० पौंडांहून जास्त वजन उचलायचं नाही. तीस पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन घरातली कामं उरकणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगून बघा! वीक्सबाई तर ऑफिसात त्याहून जड टाइपरायटर उचलत होत्या. त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात हरल्या, १९६९ साली अपिलात जिंकल्या. प्रत्यक्ष जागा मिळायला १९७१ उजाडलं.

पुढे जानेवारी १९७३ मध्ये मूळ कंपनी एटी अँड टी हिने सरकारशी करार केला. सुमारे दीड कोटी डॉलर थकबाकी द्यायची, बायकांना तांत्रिक कामांवर घ्यायचं... आणि पुरुषांना ऑपरेटर म्हणूनही घ्यायचं. म्हणजे ९५ वर्षांपूर्वी ज्या खुर्चीवरून पोरांना उठवलं, तिच्यावर पुन्हा पुरुष! गंमत अशी की तोवर लोक स्वतःच नंबर फिरवू लागले होते, आणि ऑपरेटरच्या खुर्च्याच कमी होत चालल्या होत्या.

कुठलं काम कोणाचं, हे निसर्गाने ठरवलंय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते कुणीतरी भरतीच्या कागदावर ठरवलेलं असतं. आणि कागद बदलता येतो. फक्त कुणाला तरी त्यासाठी पाच वर्षं भांडावं लागतं.