जेवण ते अतिदक्षता विभाग

श्रीपूर (ता. माळशिरस), गळीत हंगाम. यातला माणूस प्रातिनिधिक आहे. घटनाक्रम मात्र पित्ताशयात खडे असलेल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

तीन महिने आधी : तेलकट जेवण झालं की तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ. दोन-तीन तासांत थांबते. "पित्त झालंय." सोनोग्राफी 'हंगाम संपल्यावर'.

रात्री 8.00 : कंदुरीचं जेवण. रश्शाचा वास येताच, घास तोंडात जाण्याआधीच, मेंदूकडून व्हेगस चेतातंतूने जठराला वर्दी दिली. आम्ल पाझरू लागलं.

8.30 : रश्शात कुस्करलेली भाकरी पोटात. जठर ताणलं, गॅस्ट्रिन रक्तात उतरलं. आम्ल आणखी वाढलं.

9.00 : आंबट लगदा लहान आतड्यात. आम्ल लागताच आतड्याने सिक्रीटिन सोडलं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1902 साली लंडनमध्ये शोधलेलं हे पहिलं संप्रेरक. त्याच्या निरोपावर स्वादुपिंडाने आम्ल मारणारा क्षारयुक्त रस सोडला.

9.15 : तर्रीतली चरबी पोचली. आता कोलेसिस्टोकायनिनचे हुकूम : स्वादुपिंडाने विकरं सोडावीत, पित्ताशयाने आवळावं, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेल्या ओडीच्या झडपेने सैल व्हावं. तिन्ही पाळले गेले. पित्ताबरोबर ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही निघाला.

11.00 : खडा पित्तनलिकेच्या तोंडाशी रुतला. स्वादुपिंडाची नलिकाही बहुतेकांत तिथेच उघडते. वाट बंद, आतड्यात चरबी असल्याने हुकूम मात्र सुरूच.

12.30 : बेंबीच्या वर असह्य कळ, थेट पाठीत. "गॅस धरलाय." ओवा झाला, सोडा झाला. उलट्यांनीही आराम नाही; पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. ही स्वादुपिंडाच्या दाहाची खूण, पण घरात कुणाला ठाऊक?

2.00 : ट्रिप्सिन हे विकर एरवी आतड्यात पोचल्यावर जागं होतं, आज ते स्वादुपिंडातच जागं झालं आणि ग्रंथीलाच पचवू लागलं. रक्तातलं पाणी सुजेत झिरपतंय. नाडी पळतेय, तोंडाला कोरड.

4.00 : अकलूजचा दवाखाना. रक्तात लायपेज हे स्वादुपिंडाचं विकर नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. सलाईन, वेदनाशामक, तोंडाने सध्या काही नाही.

6.00 : रक्तदाब ढासळला, लघवी जवळजवळ बंद. अतिदक्षता विभाग. असा दाह झालेल्या दहांपैकी साधारण आठ जण लवकर सावरतात. हा उरलेल्या दोघांतला.

रात्रभरात ना चेतातंतू चुकला, ना संप्रेरक. टाळता येण्याजोगं होतं ते तीन महिने आधी. न दुखणारे खडे डॉक्टर बहुधा तसेच ठेवतात. पण तेलकट जेवणानंतर वारंवार उजवीकडे कळ येत असेल, तर सोनोग्राफी करून सर्जनला दाखवावं.