पंचाची चूक पंचाने कशी सुधारावी?

नांदेड : कुस्तीतील पंचाचा निर्णय चुकला तर तो दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगर येथे ऐरणीवर आला. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील अंतिम लढतीत नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे याला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीतपट घोषित करण्यात आले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. वाद विकोपाला जाऊन त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. राक्षे हा लातूर जिल्ह्याचे सुपुत्र, अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांचा शिष्य. त्यामुळे मराठवाड्यातील तालमींत या निकालाची मोठी चर्चा झाली.

तिघांची साखळी

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गादीवरील कुस्तीला तीन पंच असतात : मॅटवरील पंच, बाजूला बसणारे जज आणि मॅट चेअरमन. मॅटवरील पंच हाताच्या बोटांनी गुण दाखवतात. जजचे मत वेगळे असल्यास चेअरमन निर्णय देतात. अर्थात तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. चीतपटीसाठी दोन्ही खांदे एकाच वेळी टेकून क्षणभर स्थिर राहावे लागतात. शिवाय मॅटवरील पंचांनी सहकाऱ्याची संमती घेऊनच शिटी वाजवायची असते. चीतपट होताच कुस्ती संपते, म्हणून ही पडताळणी निकालाआधी होणे महत्त्वाचे.

चॅलेंजचा मार्ग

गुणांविषयी आक्षेप असल्यास प्रशिक्षक चॅलेंज मागतात आणि चित्रफीत पाहून निर्णय होतो. आक्षेप फेटाळला गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो व चॅलेंजचा हक्कही संपतो. त्यामुळे ऊठसूट आक्षेप घेणे परवडत नाही.

अन्य खेळांत

बास्केटबॉलमध्ये एका पंचाला दुसऱ्या पंचाने आपल्या अधिकारकक्षेत दिलेला निर्णय रद्द करता येत नाही. चुकीने दिलेले वा नाकारलेले फ्री थ्रो यांसारख्या मोजक्या चुकाच ठरावीक मुदतीत दुरुस्त होतात.

फडातील परंपरा

जत्रेच्या फडात अशी त्रिस्तरीय रचना क्वचितच असते. तेथे पंचाचा शब्द अंतिम असतो. वाद झालाच तर जाणत्या वस्तादांचे मत घेतले जाते. ज्या लातुरात 1969 मध्ये हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले, तेथील जुन्या पिढीला हीच पद्धत परिचित आहे. मात्र मल्लाचे वर्षभराचे कष्ट एका क्षणावर ठरत असताना, सहकाऱ्याला वेळीच थांबवणे हा पंचाचा अधिक्षेप नसून त्याचे कर्तव्यच ठरते.