तीन वाट्या आणि एक जास्तीची गोळी

जादूच्या खेळांत सर्वांत कमी सामान लागणारा आणि शिकायला सर्वांत जास्त दिवस घेणारा खेळ कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी वाट्या-गोळ्यांच्या खेळाचे नाव घेईन. तीन वाट्या, चार-पाच लहान गोळ्या आणि अंथरायला चादरीचा तुकडा. सगळे एका पिशवीत मावते. निवृत्तीनंतर मी तो शिकायला घेतला, तेव्हा घरातल्याच स्टीलच्या वाट्या उचलल्या. गोळ्या मात्र कापडाच्या शिवून घेतल्या, कारण कडक गोळी वाटीला लागून वाजली की खेळ संपलाच!

खेळाचे मर्म सांगायला एक मिनिट पुरते. प्रेक्षकांना तीन गोळ्या दिसतात. जादूगाराजवळ चौथी असते. उजव्या हातातली गोळी डाव्या हातात दिल्यासारखे करायचे आणि ती उजव्याच हातात, बोटांच्या आड ठेवायची. डावी मूठ उघडून रिकामी दाखवायची. तोवर चौथी गोळी वाटीखाली केव्हाच जाऊन बसलेली असते. मन हे लगेच समजते, हाताला समजायला मला दोन पावसाळे लागले. रिकामी मूठ भरलेली वाटली पाहिजे, आणि त्यासाठी जादूगाराची स्वतःची नजर त्या मुठीमागे गेली पाहिजे. आरशासमोर बसून मी हातापेक्षा डोळ्यांचाच सराव जास्त केला.

पहिल्या शतकातला रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने एका पत्रात या खेळाचा दाखला दिला आहे. शब्दच्छल करणाऱ्या पंडितांची तो जादूगाराच्या वाट्या-खड्यांशी तुलना करतो. फसवणूक खरी, पण निरुपद्रवी. आणि मौज त्या फसवणुकीतच. युक्ती कळली की गोडी जाते, असेही तो म्हणतो. इथे माझे त्याच्याशी पटत नाही. युक्ती कळल्यावर माझी गोडी वाढली. पण 'निरुपद्रवी' हे त्याचे मत महत्त्वाचे आहे. पुढच्या काळाने ते फारसे मानले नाही.

हिरोनिमस बॉश या चित्रकाराच्या नावावर असलेले, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे एक चित्र पाहा. मेजावर वाट्या मांडलेल्या, जादूगाराच्या बोटांत गोळी. एक गृहस्थ वाकून, डोळे फाडून पाहतो आहे आणि मागे उभा असलेला भामटा त्याची थैली लांबवतो आहे! जादूगार म्हणजे चोराचा साथीदार, ही समजूत चित्रात कायमची रंगली. आपल्याकडे तरी वेगळे काय? 'हातचलाखी' हा शब्द आपण कौतुकापेक्षा लबाडीसाठीच अधिक वापरतो.

इंग्लंडात तर याहून गंभीर प्रकार होता. चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसे फासावर जात होती. रेजिनाल्ड स्कॉट या केंट परगण्यातल्या गृहस्थाने १५८४ साली चेटकाच्या समजुतींविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात जादूगारांच्या युक्त्या उघड केल्या. सैतान नव्हे, सराव, हे त्याला दाखवायचे होते. वाट्या-गोळ्यांचा खेळही त्यात आहे. मेणबत्तीची लहान घरे, वाडगे, मिठाच्या भांड्यांची झाकणे, काहीही चालेल असे तो सांगतो. माझ्या स्टीलच्या वाट्यांना इतका जुना आधार निघाला!

भारतीय वाटीची घडण निराळी. ती उथळ असते आणि माथ्यावर बोटांत धरायला गोंडा असतो. बॉशच्या चित्रातल्या जादूगाराच्या कमरेला टोपली आहे. मेजामागे उभ्या राहणाऱ्याला हात घालायला तेवढी जागा मिळते. आपला जादूगार जमिनीवर बसतो, भोवती माणसांचे कडे. लपवायला आडोसा नाही. वाटी टेकवता टेकवता, गोंडा धरलेल्या हातातूनच गोळी आत सरकते. मला हीच पद्धत जास्त अवघड आणि म्हणून जास्त सुंदर वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भारतीय जादूगार लंडनला गेले, तेव्हा लोक तिकीट काढून त्यांना पाहायला येत. समीक्षक विल्यम हॅझलिट याने त्यांच्यावर निबंध लिहिला. चार पितळी चेंडू हवेत खेळवणाऱ्या हातांपुढे त्याला आपली लेखणी थिटी वाटली.

आणि मायदेशी? १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेची व्याख्या केली. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून दिखाव्याखाली पैसे मागणे, हेही त्या व्याख्येत घातले गेले. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे स्थानबद्धतेची तरतूद होती. स्कॉटने ज्याला सराव म्हटले, त्याला इथे 'दिखावा' म्हटले गेले. चादरीवर पडलेले नाणे खेळाची बिदागी आहे की भीक, हे ठरवण्याचे काम पोलिसावर आले. हाच कायदा दिल्लीलाही लावण्यात आला. तिथे भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरताच होता.