उतार आणि सिग्नल

भीमाकाठच्या जुन्या बोलण्यात ‘उतार’ हा मोलाचा शब्द. जेथे पाणी उथळ आणि तळ घट्ट, तेथून नदी पायी ओलांडता येते. ती जागा म्हणजे उतार. कोठे पाय टाकायचा आणि केव्हा थांबायचे, हे ज्ञान त्या एका शब्दात साठलेले आहे. 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि यशवंतसागराखाली असे कितीतरी उतार गेले. पळसदेवचे जुने देऊळ बुडाले. पैलतीर मात्र तुटले नाही. सोयरिकी, बाजार, दवाखाने तेथेच होते. माणसे होडीने जाऊ लागली. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण दगावले.

याच टापूतून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी अशी गावे त्याच्या कडेने वाढली. नदीइतकाच हाही एक प्रवाह, पण याचे पाणी ओसरत नाही.

रस्त्यावरचा सिग्नल हे मूळचे रेल्वेचे अपत्य. डिसेंबर 1868 मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ पहिला सिग्नल उभा राहिला, तो रेल्वेतल्या जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेतून. दिवसा हलणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. मुंबईची रेल्वे भीमाकाठाने सोलापूरला पोचली ती 1860 साली, म्हणजे त्याच्या आठ वर्षे आधी!

भाषेनेही रेल्वेचेच बोट धरलेले दिसते. जुन्या रेल्वे सिग्नलचा आडवा हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी. ‘सिग्नल पडला’ हा प्रयोग तेथूनच आला असावा. शहरात मात्र लाल दिवा लागला तरी आपण ‘सिग्नल पडला’ म्हणतो. एकच वाक्य, अर्थ उलटे. गावाकडून दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आलेल्या माणसाने म्हणूनच शेजाऱ्याच्या उद्गारावर पाऊल टाकू नये. वाहनांच्या दिव्यावरही नव्हे. पादचाऱ्याचा दिवा निराळा असतो. त्यात हिरवा माणूस स्थिर दिसला तरच निघावे, आणि तेव्हाही डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबल्या आहेत ना, हे पाहावे. तो लुकलुकू लागला की रस्त्यात असलेल्यांनी पलीकडे पोचायचे, काठावरच्यांनी उतरायचे नाही.

या दिव्यांची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणतः सेकंदाला 1.2 मीटर धरतात. बारा मीटरच्या रस्त्याला दहा सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजीला ती पुरत नाहीत. हे गणित माझ्या मते तरुण पायांचे आहे. तिने हिरवा दिवा अर्धा संपल्यावर निघण्यापेक्षा पुढच्या हिरव्याच्या पहिल्या क्षणी निघावे. मध्ये रुंद दुभाजक असेल तर तेथे थांबून, उरलेला रस्ता नव्या दिव्यावर ओलांडावा.